नदीचा ताप

वैशाखाच्या दुपारीं गोदावरीच्या पात्रांत उतरणाऱ्या भोयाला मासा कोठें आहे हें सांगावें लागत नाहीं. परभणी जिल्ह्यांत पाथरीच्या बाजूनें शिरलेली ही नदी सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या अंगानें पुढें जाते. त्या दिवसांत तिचें पात्र रुंद असलें तरी पाणी उथळ असतें. कांठचें पाणी पायांना कोमट लागतें आणि तेथें बोटभर पिलांवांचून कांहीं दिसत नाहीं. मोठा मासा डोहांत गेलेला असतो. दोन-तीन पुरुष खोलीवर पाणी गार राहतें, म्हणून रोहू, कटला, वाम हीं सारीं ऊन कलेपर्यंत तळ धरून बसतात. जाळें टाकावयाचें तें पहांटे किंवा दिवेलागणीला. ज्या मुलखांत उन्हाळ्यांत हवेचा पारा ४२ अंशांच्या पलीकडे जातो, तेथें माशाचें जगणें या दोन-तीन पुरुष पाण्यावर टांगलेलें असतें, हें भोयाला ठाऊक आहे. सरकारी नियमांना तें कितपत ठाऊक आहे, हा आजच्या भाषणाचा विषय.

माणूस उन्हांत घाम गाळून देह निववितो. माशाला ती सोय नाहीं. भोंवतालचें पाणी जितकें ऊन, जवळजवळ तितकाच त्याचा देह ऊन. पाणी तापलें कीं त्याच्या शरीरांतील सर्व व्यापार जलद चालूं लागतात. ढोबळ मानानें १० अंश वाढले तर हा वेग दुपटीच्या घरांत जातो. म्हणजे त्याला प्राणवायु अधिक लागतो. आणि नेमक्या त्याच वेळीं पाण्याची प्राणवायु धरून ठेवण्याची शक्ति कमी होत जाते. २० अंशांवर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सुमारें ९.१ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. ३० अंशांवर तो ७.६ वर येतो आणि ३५ अंशांवर ७ च्या आसपास. खर्च दुप्पट व्हावा आणि मिळकत घटावी, अशी ही नापिकीच्या वर्षांतील कुणब्यासारखी अवस्था आहे. त्यांत गांवचें मैलापाणी नदींत येत असेल तर तें कुजण्याची क्रियाहि उष्णतेनें वाढते, आणि जो थोडा प्राणवायु उरला असेल त्यांतहि वांटेकरी येतो. मरळ मासा पृष्ठभागीं येऊन हवेचा घोट घेऊं शकतो, म्हणून तो तगतो. रोहू-कटल्याला ती विद्या नाहीं. बाजारांत मरळ चढ्या भावानें विकला जात असला तरी सगळ्या नदींत मरळच उरावा, ही कांहीं भरभराटीची खूण नव्हे.

थंड देशांतील माशाला वर चढावयास कांहीं पायऱ्या शिल्लक असतात. इकडच्या माशाचें तसें नाहीं. तो उन्हाळ्यांत आधींच जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा असतो. कटला, रोहू, मृगळ या जाती २५ ते ३२ अंशांच्या दरम्यान उत्तम वाढतात. त्यापुढें कांहीं काळ सोसतात. पण सोसण्याला सीमा आहे, आणि मे महिन्यांत ती फार दूर नसते. अशा वेळीं चार-पांच अंशांची भर ही थोडी गोष्ट राहत नाहीं.

उष्णतेचा हा उपद्रव ओळखूं येण्यास कठीण. पाणी काळें झालें, त्यावर फेस आला, दुर्गंधि सुटली, तर गांव ओरडतो. उष्णतेला रंग नाहीं आणि वास नाहीं. बाटलींत भरून प्रयोगशाळेंत नेईपर्यंत गुन्ह्याचा पुरावा वाटेंतच निवून जातो. गंगाखेडला, जनाबाईच्या गांवीं, नदीला कोणी गोदावरी म्हणत नाहीं, ती गंगाच. तेथें कार्तिकांत पहांटे स्नानाला उतरणाऱ्याला पाणी कोमट लागलें, तर तो तक्रार करील कीं देवाचे आभार मानील, हें सांगावयास नको.

पाणी तापविण्याचें काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर करतात तीं कोळशावर चालणारीं वीजकेंद्रें. कोळसा जाळून निघालेल्या उष्णतेपैकीं सुमारें एकतृतीयांशाहून थोडी अधिक उष्णता विजेच्या रूपानें तारांत जाते. कांहीं धुराड्यांतून निघून जाते. राहिलेली, म्हणजे जवळजवळ निम्मी, टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेंत असते. ती वाफ पुन्हां पाणी होऊन बॉयलरकडे गेली पाहिजे, म्हणून कंडेन्सर नांवाच्या यंत्रांत हजारों नळ्यांतून थंड पाणी खेळवितात. वाफेची उष्णता त्या पाण्यांत उतरते. २५० मेगावॅटच्या एका संचासाठीं हें पाणी १० अंशांनीं तापूं द्यावयाचें ठरविलें, तर हिशेबानें दर सेकंदाला सुमारें ८ घनमीटर पाणी लागतें. जुनी आणि स्वस्त रीत अशी कीं, हें पाणी नदींतून घ्यावयाचें, एकदां नळ्यांतून फिरवावयाचें आणि तापलेलें तसेंच नदींत परत सोडावयाचें. आंतल्या नळ्यांत शेवाळ धरूं नये म्हणून त्यांत क्लोरिनहि घालीत, आणि उष्णतेनें दमलेल्या माशाला तें दुप्पट बाधतें.

साखर कारखान्यांचें प्रमाण याहून लहान, परंतु परभणीसारख्या उसाच्या जिल्ह्यांत तें विसरून चालावयाचें नाहीं. उसाच्या वजनांत सुमारें सत्तर टक्के पाणीच असतें. रस आटवितांना तें वाफ होतें आणि पुढें ऊन पाण्याच्या रूपानें कारखान्याच्या हातीं येतें. आटवणीच्या भांड्यांत निर्वात ठेवण्यासाठीं लागणारें पाणीहि तापतें, आणि तें फवारे उडविणाऱ्या तळ्यांत निववावें लागतें. गळिताचा हंगाम हिवाळ्यांत सुरू होतो, तेव्हां ओढ्यांना धार असते. पण तो लांबला तर उन्हाळ्याच्या तोंडाशीं जातो, आणि तेव्हां ओढ्यांत दुसरें पाणी नसतें. केंद्र सरकारनें २०१६ सालीं या कारखान्यांच्या सांडपाण्याला उसाच्या टनामागें २०० लिटरची मर्यादा घातली. जो कारखाना उसांतलेंच पाणी नीट निववून पुन्हां वापरतो, त्याला ती फारशी जड जात नाहीं.

माशाला जशी उष्णता मारते, तशी ती एकाएकीं काढून घेतल्यासहि मारते. हिवाळ्यांत ऊन पाण्याच्या लोटाशीं मासे आपण होऊन जमतात, तेथेंच चरतात, तेथलेच होऊन राहतात. मग एके दिवशीं यंत्र बंद पडतें आणि घटकाभरांत पाणी गार होतें. अमेरिकेंत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ऑयस्टर क्रीक नांवाचें अणुवीजकेंद्र होतें; १९७२ च्या जानेवारींत तें थांबतांच मेनहेडन जातीच्या माशांचे थवेच्या थवे मेले. तेव्हां सरासरी तापमान किती, एवढें विचारून भागत नाहीं. तें किती वेगानें बदललें, हेंहि विचारावें लागतें.

आतां कायद्याकडे वळावयाचें. महाराष्ट्रानें जलप्रदूषणाविरुद्ध आपला कायदा १९६९ सालीं केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजीं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालें. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानें प्रदूषणाची जी व्याख्या केली, तींत पाण्याच्या रासायनिक गुणांप्रमाणेंच भौतिक गुणांतील बदलहि धरला. हा एक शब्द फार मोलाचा आहे. त्यामुळें, पाण्यांत कांहीं मिसळलें नाहीं, तें केवळ तापविलें, अशी सबब कारखानदाराला उरली नाहीं. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत वीजकेंद्रांच्या कंडेन्सरमधून बाहेर पडणारें पाणी आंत घेतलेल्या पाण्यापेक्षां ५ अंशांहून अधिक ऊन असूं नये, असें माप आलें. १९९३ सालीं इतर कारखान्यांच्या सांडपाण्यालाहि तेंच ५ अंशांचें माप लागलें. फरक एवढाच कीं, तें ज्या पाण्यांत सोडावयाचें त्याच्या तापमानावरून तें मोजावयाचें. पुढें २२ डिसेंबर १९९८ च्या अधिसूचनेनें चित्र पालटलें. १ जून १९९९ नंतर सुरू होणाऱ्या आणि नदी, तलाव किंवा जलाशय यांचें पाणी वापरणाऱ्या प्रत्येक वीजकेंद्रानें पाणी निवविण्याचे मनोरे, ज्यांना कारखान्यांत कूलिंग टॉवर म्हणतात, ते बांधलेच पाहिजेत असें ठरलें. समुद्राचें पाणी घेणाऱ्या नव्या केंद्रांना ७ अंशांची मुभा मिळाली, आणि जुन्या केंद्रांना कंडेन्सरमध्यें १० अंशांपर्यंत वाढ चालेल असें सांगण्यांत आलें. खाड्यांच्या मुखांत, तिवरांच्या वनांजवळ आणि मासे अंडीं घालतात त्या जागीं तापलेलें पाणी सोडूं नये, हें कलमहि त्यांतच आहे. २०१५ च्या डिसेंबरांत आणखी एक पाऊल पडलें : नदीचें पाणी एकदांच फिरवून सोडणाऱ्या जुन्या केंद्रांनींहि दोन वर्षांत मनोरे बांधावे आणि एक मेगावॅट-तास विजेमागें ३.५ घनमीटरांहून अधिक पाणी खर्चूं नये, असा हुकूम निघाला.

जुन्या केंद्रांना एकदम १० अंशांची सूट देणें कितपत शहाणपणाचें होतें, याविषयीं मतभेद होऊं शकेल. पण मनोऱ्यांची सक्ति योग्य होती, आणि तिचें कारण साध्या त्रैराशिकांत आहे. नदींतून दर सेकंदाला ८० घनमीटर पाणी वाहत आहे. एका संचानें त्यांतील ८ घनमीटर घेतलें, १० अंशांनीं तापविलें आणि परत सोडलें. सर्व पाणी मिसळल्यावर नदी १ अंशानें तापली. तीच नदी १६ घनमीटरांवर आली तर ५ अंशांनीं तापेल. ८ घनमीटरांवर आली तर सबंध नदीच कंडेन्सरमधून जाईल आणि १० अंशांनीं तापून बाहेर पडेल. कारखाना तोच, नळ्या त्याच. बदलली ती नदी. ज्या देशांत नद्या बारमाही तुडुंब असतात तेथें अंशांच्या फरकाचें माप चालून जातें. गोदावरीसारखी, पावसाळ्यांत समुद्र आणि मेमध्यें डबकीं होणारी नदी असली, कीं तें माप लटकें पडतें.

फरकाबरोबर कमाल मर्यादाहि सांगावी, हा विचार युरोपांत झाला होता. तेथें १९७८ सालीं गोड्या पाण्यांतील माशांसाठीं जो निर्देश निघाला, त्यांत सामन जातीच्या नद्यांत तापलेल्या पाण्यामुळें १.५ अंशांहून अधिक वाढ नको आणि २१.५ अंशांच्या वर पाणी जाऊं नये, असें होतें. कार्प जातीच्या नद्यांना ३ अंश आणि २८ अंश. तो निर्देश २०१३ सालीं रद्द होऊन दुसऱ्या कायद्यांत विलीन झाला, पण त्यांतील युक्ति ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अर्थात् २८ चा आंकडा उचलून सोनपेठला आणला तर हंसें होईल. तेथें उन्हाळ्यांत कांठचें पाणी सूर्यच त्याच्या वर नेतो. आंकडा इकडच्या माशाचा आणि इकडच्या उन्हाचा असला पाहिजे. भारतीय नियमांत फरकाचें माप आहे, पण नदी कितीहि तापली असली तरी याच्यापुढें नाहीं, असें सांगणारी रेघ नाहीं. रेघ असूनहि ती पाळणें सोपें नसतें, हें फ्रान्सनें दाखविलें. २००३ च्या भयंकर उन्हाळ्यांत तेथल्या नद्या आटल्या, तापल्या, आणि विजेची निकड म्हणून सरकारनें वीजकेंद्रांना ठरल्याहून ऊन पाणी सोडण्याची सवलत दिली. माशाला नियमाची गरज सर्वांत अधिक ज्या आठवड्यांत होती, त्याच आठवड्यांत नियम सैल झाला.

परभणी जिल्ह्याचें प्रकरण याहून वेगळें आणि अधिक विचित्र आहे. या भागांतील मोठें वीजकेंद्र परळीचें. तें शेजारच्या बीड जिल्ह्यांत आहे. १९७१ सालीं तेथें ३० मेगावॅटचे दोन छोटे संच चालूं झाले, पुढें २१० मेगावॅटचे तीन आले. ते सर्व आतां निवृत्त झाले असून २००७ पासून २०१६ पर्यंत उभे राहिलेले २५० मेगावॅटचे तीन संच काम करतात. भट्टी बीड जिल्ह्यांत असली तरी तिची तहान भागते ती परभणी जिल्ह्यांत. सोनपेठ तालुक्यांत गोदावरीवर खडक्याचा बंधारा आहे. तेथून पाणी उचलून परळीला नेतात. परळीला मनोरे आहेत, दूरवरून दिसणारे. तेव्हां तापलेल्या पाण्याचा लोट गोदावरींत सोडल्याचा आरोप परळीवर करतां येणार नाहीं, आणि कोणी करूंहि नये. कंडेन्सरची उष्णता मनोऱ्यांतून आकाशांत जाते.

पण ती जाते कशी? पाण्याची वाफ करून. एक लिटर पाणी वाफ होऊन जातांना जितकी उष्णता घेऊन जातें, तितक्या उष्णतेनें सुमारें ५८ लिटर पाणी १० अंशांनीं तापलें असतें. म्हणून मनोरा थोड्या पाण्यांत भागवितो, हें खरें. मात्र जुन्या रीतींत पाणी तापून कां होईना, परत येत होतें. मनोऱ्याच्या रीतींत वाफ झालेलें पाणी नदीला परत मिळत नाहीं. वरील ३.५ घनमीटरांच्या मर्यादेनें हिशेब केला तर ७५० मेगावॅटचे संच दिवसभर पूर्ण शक्तीनें चालविण्यास ६३,००० घनमीटर पाणी लागूं शकतें. दरडोई १३५ लिटर धरले तर साडेचार लाखांहून अधिक माणसांना तें एक दिवस पुरेल. परभणी शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतींत तीन लाख सात हजार होती. संच सदोदित पूर्ण शक्तीनें चालत नाहींत, हें मान्य. तरीहि आंकडा लहान होत नाहीं. दुसरीकडे, मनोरे नसते तर याच तीन संचांना दर सेकंदाला २४ घनमीटरांचा प्रवाह लागला असता, आणि तो उन्हाळ्यांत गोदावरी देणार कोठून? मनोऱ्यांना पर्याय नव्हता. त्यांची किंमत मात्र सोनपेठच्या डोहानें भरली.

आतां पुन्हां भोयाच्या दोन-तीन पुरुष पाण्याकडे यावयाचें. बंधाऱ्यामागें तीन पुरुष पाणी असेल तर ऊन वरचा थर तापवितें आणि तळ गार राहतो. पंपांनीं तेंच पाणी एका पुरुषावर आणलें कीं वरचा आणि तळचा हा भेद मिटत जातो. दुपारच्या उन्हानें आणि वाऱ्यानें सगळें पाणी ढवळून एकसारखें ऊन होतें. माशाला पळून जावयास जागा उरत नाहीं. कारखान्यानें ऊन पाण्याचा एक थेंबहि नदींत सोडलेला नसतो, तरीहि मासा तापलेला असतो. निरीक्षक मोजणार तें कारखान्याच्या दाराशीं. तेथील कागदांवर सर्व कांहीं नियमाप्रमाणें सांपडेल, आणि तें खोटेंहि नसेल. सांडपाण्याचा नियम पाणी सोडण्याच्या तोंडाशीं उभा आहे. नदीचा ताप मात्र पाणी उचलण्याच्या तोंडाशीं चढतो आहे.

२०१३ च्या फेब्रुवारींत पाण्याअभावीं परळीचें वीजउत्पादन थांबवावें लागलें. २०१५ च्या जुलैंत, पावसाळ्याच्या ऐन दिवसांत, तें पुन्हां थांबलें. वर्तमानपत्रांतून त्यावेळीं विजेच्या तुटीचा हिशेब पुष्कळ झाला. परंतु पंप थांबले ते नदीनें देण्याचें थांबविलें म्हणून. माशासाठीं कोठें थांबावें, ही खूण बंधाऱ्यावर नव्हती म्हणून ते शेवटपर्यंत चालले. उन्हाळ्याच्या अखेरीस डोहांत जीं जनावरमासळी तगते, तीच पहिल्या पुरांत कांठच्या भिजल्या गवतांत शिरून अंडीं घालते. डोह एका वर्षीं मेला तर पुढच्या वर्षींच्या जाळ्यालाहि भोक पडतें.

पाण्याच्या वांटपांत माशाची बाजू मांडणारा माणूस नेहमींच ओळींत मागें उभा असतो. पिण्याचें पाणी पहिलें, याविषयीं दुमत नाहीं. राज्याच्या २००३ च्या जलनीतींत त्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ सालीं शेतीला दुसरें स्थान मिळालें. वीजवाल्यांचें म्हणणें असें कीं, वीज नसेल तर शेतकऱ्याचा पंपहि चालणार नाहीं. तें खोटें नाहीं. मात्र वीज तारेनें शेंकडों मैल येऊं शकते आणि डोह कोठून आणतां येत नाहीं. चंद्रपूर-कोराडीची वीज मराठवाड्यांत येते. पैनगंगेचा मासा खडक्याला येत नाहीं.

वीजकेंद्राला परवानगी देतांना सांडपाण्याचें तापमान लिहितात. त्याच कागदावर, पाणी उचलण्याच्या जागीं अमुक पातळीच्या खालीं पंप चालवूं नये, एवढें एक वाक्य अधिक लिहितां येण्यासारखें आहे. ही पातळी मुंबईंत बसून ठरावयाची नाहीं. बंधाऱ्यामागील सर्वांत खोल डोह कोणता, त्याच्या तळाशीं पाणी दुपारीं किती तापतें आणि किती पुरुष राहिलें म्हणजे तळ गार राहत नाहीं, हें फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मोजावें लागेल. त्याला लागते एक नाव, दोरीला बांधलेला एक तापमापक आणि पहांटे व तिसऱ्या प्रहरीं असे दोन फेरे. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांतील माणसें त्या वेळीं पाण्यावर असतातच. परभणीला कृषि विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि उदगीरला मत्स्यविज्ञानाचें महाविद्यालय आहे; आंकडे तपासून घेण्यास तीं दूर नाहींत. पहिल्या उन्हाळ्याच्या नोंदींवरून बंधाऱ्याच्या भिंतीवर तांबड्या रंगाची एक रेघ ओढतां येईल. पंपावरच्या माणसाला ती रोज दिसेल, आणि नावेंतल्या भोयालाहि.